जिंतूर

महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व नगरपरिषदेचे गाव. परभणीच्या उत्तरेस सु. ४२ किमी. अंतरावर, जालना–मंठा–औंढा नागनाथ–नांदेड या रस्त्यावर ते वसले आहे. परभणी जिल्हा म्हटला की गोदावरीकाठची सपाट, काळी जमीन नजरेसमोर येते. जिंतूरचा परिसर मात्र त्याला अपवाद आहे. येथे अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फाटे पसरले असून उतारांवर झुडपी व पानझडी वने आढळतात. डोंगर, विरळ जंगल आणि पूर्णा नदीचे खोरे या तिहींनी या गावाचा व तालुक्याचा इतिहास घडविला आहे.

पूर्णा ही गोदावरीची उपनदी. तापीला मिळणारी विदर्भातील पूर्णा ती वेगळी. गोदावरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते व पुढे गोदावरीस मिळते. तालुक्याच्या दक्षिण भागात करपरा व इतर ओढे-नाले असून निवळी येथे करपरा नदीवर मध्यम प्रकल्प आहे. नदीकाठी व खोलगट भागात काळी कसदार जमीन, तर चढावर मुरमाड व हलकी जमीन अशी येथील भूरचना आहे. वनांत साग, पळस, धावडा, सीताफळ इ. वृक्ष दिसतात. गुराखी, सरपण गोळा करणारी कुटुंबे आणि डोंगरउतारांवरील बंजारा समाजाचे तांडे यांचा या वनांशी जुना संबंध आहे.

गावाचे मूळ नाव ‘जैनपूर’ असावे व त्यावरून ‘जिंतूर’ हे नाव रूढ झाले असावे, अशी परंपरा सांगते. येथील जैन अवशेष पाहता ती अगदीच निराधार वाटत नाही. गावालगतच्या डोंगरात नेमगिरी व चंद्रगिरी ही दिगंबर जैनांची तीर्थस्थाने आहेत. नेमगिरीवर सात गुंफा असून त्यांत महावीर, आदिनाथ, शांतिनाथ, नेमिनाथ, पार्श्वनाथ इ. तीर्थंकरांच्या व बाहुबलीच्या मूर्ती आहेत. गुंफांची द्वारे ठेंगणी असल्याने आत वाकूनच जावे लागते. पार्श्वनाथाची भव्य पाषाणमूर्ती अगदी लहानशा दगडावर टेकलेली असून तिला ‘अंतरिक्ष’ पार्श्वनाथ म्हणतात. वेरूळ, धाराशिव येथील जैन लेण्यांप्रमाणे नेमगिरीची कीर्ती दूरवर पोहोचली नाही. तथापि मराठवाड्याच्या आडवळणाच्या डोंगरांतही जैन धर्माने खोलवर मूळ धरले होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

तालुक्यातील दुसरे महत्त्वाचे प्राचीन स्थळ म्हणजे जिंतूरच्या पश्चिमेकडील चारठाणा. तेथे यादवकालीन शैलीची मंदिरे, बारव व एक उंच, कोरीव दगडी स्तंभ आहे. स्थानिक लोक या स्तंभास दीपमाळ म्हणतात. गोकुळेश्वर हे त्यांपैकी विशेष ज्ञात मंदिर होय. आज आडबाजूला वाटणारे हे गाव एके काळी संपन्न होते, याची साक्ष हे अवशेष देतात. पूर्वी गावात ३६० मंदिरे होती, अशी आख्यायिका आहे. आकडा अक्षरशः घेण्याचे कारण नाही. परंतु घरांच्या भिंतींत व पारांवर विखुरलेले कोरीव दगड पाहिले म्हणजे तिचा उगम लक्षात येतो.

राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य व देवगिरीचे यादव यांच्यानंतर हा प्रदेश बहमनी राज्यात व त्याच्या विघटनानंतर क्रमाने उत्तराधिकारी सत्तांकडे गेला. सतराव्या शतकात तो मोगलांच्या अंमलाखाली आला. इ. स. १७२४ मध्ये साखरखेर्डा (बुलढाणा जिल्हा) येथील लढाईत निजामुल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि त्यानंतर सव्वादोनशे वर्षे येथे निजामाची सत्ता राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड–हैदराबाद लोहमार्ग परभणी, सेलू येथून गेल्याने जिल्ह्यातील कापसाचा व्यापार त्या गावांकडे वळला. लोहमार्गापासून दूर राहिलेले जिंतूर डोंगराळ भागाची स्थानिक बाजारपेठ म्हणूनच वाढले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

जिंतूर तालुक्याच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे येलदरी धरण. पूर्णा नदीवरील या धरणाचे काम १९५८ मध्ये सुरू होऊन १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सु. ९३४ दशलक्ष घ. मी. असून पायथ्याशी प्रत्येकी ७·५ मेगॅवॉटचे तीन संच असलेले, २२·५ मेगॅवॉट क्षमतेचे जलविद्युत् केंद्र आहे. वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात (हिंगोली जिल्हा) अडविले जाते आणि तेथून कालव्यांद्वारे वसमत, पूर्णा, परभणी व नांदेडकडील शेतीस मिळते. या प्रकल्पाची सिंचनक्षमता अर्ध्या लाख हेक्टरांहून अधिक आहे.

या योजनेतील विसंगती तिच्या रचनेतच आहे. पाणी साठते ते जिंतूरच्या डोंगरांत. जमिनी बुडाल्या त्याही याच परिसरातील. कालवे मात्र खालच्या सखल पट्ट्यात सुरू होतात. पाणी उताराने वाहते, म्हणून स्थापत्याच्या दृष्टीने याहून वेगळी व्यवस्था सोपी नव्हती. परिणामी वसमत भागात ऊस, केळी व हळद यांची बागायत वाढली, तर धरणाशेजारच्या चढावरील गावांची शेती बव्हंशी पावसावरच राहिली. ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद ही येथील जुनी पिके. १९९० नंतर सोयाबीनचे क्षेत्र झपाट्याने वाढले. १९७२ च्या दुष्काळापासून या भागात पाझर तलाव, नालाबांध यांची कामे झाली, तरी खरीप हातचे गेले की हंगामापुरते ऊसतोडीस वा शहरांकडे जाणे अनेक कुटुंबांना चुकलेले नाही.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे तालुके नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले. त्यामुळे येलदरीचा जलाशय दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आला आणि उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्यापैकी प्रामुख्याने जिंतूर तालुकाच परभणी जिल्ह्यात उरला. नदीच्या वरच्या अंगास बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यावर येलदरीत येणारा ओघ घटला. कमी पावसाच्या वर्षांत जलाशय अपुरा भरू लागला व वीजनिर्मितीतही खंड पडला. जिंतूर व परभणी या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचा हाच आधार असल्याने शेती, वीज व नागरी पुरवठा यांच्यातील वाटपाचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे.

जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प असल्याने जिंतूरच्या डोंगरांवरील वनांस त्यांच्या विस्तारापेक्षा अधिक महत्त्व आहे. उघड्या उतारांवरून वाहून जाणारी माती अखेर जलाशयातच साचते. म्हणून येथील वनांची राखण हा केवळ वनखात्याचा विषय नसून येलदरीच्या आयुर्मानाशी व त्यावर विसंबलेल्या खालच्या गावांच्या हिताशीही तो निगडित आहे. नेमगिरी, चारठाणा व येलदरी ही तालुक्यातील प्रेक्षणीय स्थळे असून नेमगिरीस यात्रेकरूंची वर्षभर ये-जा असते.