मनाच्या परिभाषेतील काही शब्दांची पूर्वपीठिका

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीवर गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येते की, ज्या दालनात आपण हात जोडून उभे आहोत तो मूळचा बौद्ध भिक्षूंचा विहार होय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ही लेणी कोरली गेली. ती ज्या संघासाठी कोरली, त्याच्या परंपरेत मनाचे पृथक्करण हा नुसता पंडितांचा विषय नव्हता, साधनेचा भाग होता. माणसाची घडण तेथे पाच स्कंधांत मांडीत: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान.

हे पाचही शब्द आजच्या मराठी घरात नांदत आहेत. अर्थ मात्र बहुतेकांचे पालटले. वेदना म्हणजे सुखद, दुःखद अथवा दोन्ही नसलेला असा कोणताही अनुभव. आपल्याकडे ती दुखण्यापुरती उरली. संज्ञा म्हणजे वस्तू ओळखणे. तिचे नुसते नाव झाले. विज्ञान म्हणजे जाणीव. ते प्रयोगशाळेत राहावयास गेले. मानसशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी मग इंद्रियावर उमटणाऱ्या पहिल्या ठशास ‘वेदन’ आणि त्याचा अर्थ लागल्यावर ‘संवेदन’ असे म्हटले. एक काना काढून दुखणे वगळण्याची ही युक्ती चतुर खरी, पण परीक्षार्थ्यांची तिच्यापायी फसगत होते.

‘अवधान’ या शब्दाचे तसे नाही. जुन्नर तालुक्यातच आळे येथे, ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले अशी आख्यायिका आहे, त्या रेड्याची समाधी आहे. त्याच ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध केलेल्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायारंभी श्रोत्यांपाशी अवधान मागितले आहे. कीर्तनकारांनी शब्द जिभेवर ठेवला, आणि मानसशास्त्राने तो घेतला तेव्हा त्याला नवा अर्थ शिकवावा लागला नाही.

खरा गोंधळ आहे तो मेंदूपासून देहभर पसरणाऱ्या धाग्यांच्या नावाचा. आयुर्वेदात मज्जा हा सहावा धातू, हाडाच्या पोकळीतला मगज. कण्याच्या पोकळीत सापडणारी मऊ दोरी ती मज्जारज्जू, आणि तिचे फाटे ते मज्जातंतू, असे नामकरण झाले. यावरून आपल्या विद्वानांस हसण्याचे कारण नाही. लॅटिन ‘मेड्युला’चा अर्थही मगजच, आणि ‘नर्व्ह’ व ‘न्यूरॉन’ यांचे मूळ अर्थ तर ज्याने हाडे बांधली जातात ती शीर किंवा धनुष्याची दोरी! ‘स्नायू’ची कथा तशीच. संस्कृतात तो बंध, बंगाली-हिंदीत मज्जातंतू, मराठीत मांसपेशी. तीन प्रांतांचे वैद्य एकत्र बसले तर रोग्याची अवस्था काय होईल, हे सांगणे नको.

पुढे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखविले की, हे अखंड जाळे नसून एकेकट्या पेशी आहेत. १९०६ साली त्यांना जे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात जाळ्याचा पक्ष घेणारे गोल्जी हेच त्यांचे वाटेकरी होते. ‘तंतू’ हा शब्द तेव्हापासून अपुरा पडू लागला. तो पेशीच्या एका शेपटापुरताच खरा. शालेय पुस्तकांनी मग ‘चेतापेशी’ व ‘चेतासंस्था’ स्वीकारले. मराठी विश्वकोशाने ‘तंत्रिका’ पसंत केली. माझे मत ‘चेता’कडे झुकते, कारण तीत चेतना ऐकू येते, ‘तंत्रिका’ ऐकून काहीच उमगत नाही.

आंबेगाव तालुक्यात मात्र लोकांच्या तोंडी ‘शीर’ आहे. रक्तवाहिनीही शीर आणि मज्जातंतूही शीर. घोडेगावचा शेतकरी कंबरेतून पायात जाणारी कळ घेऊन डॉक्टरांकडे येतो, आणि ‘शीर दबली’ हे ऐकताच रक्त अडले असे समजून पाय चोळू लागतो. त्याची नात त्याच संध्याकाळी दिव्यापाशी ‘चेतासंस्था’ पाठ करीत असते, आणि आजोबांची शीर ती हीच, हे तिला कोणी सांगितलेले नसते.