दीर्घिका-परिवलन व विश्वजाल
दीर्घिकांचे परिवलनाक्ष आणि विश्वजालातील तंतूंच्या दिशा यांमधील सांख्यिकीय संबंध (पहा : दीर्घिका, विश्वजाल). आदिदीर्घिकेच्या असमान द्रव्यराशीला शेजारच्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने पीळ बसून कोनीय संवेग मिळतो, ही कल्पना फ्रेड हॉइल यांची. जेम्स पीबल्स यांनी १९६९ मध्ये तिचे गणित मांडले. संगणकीय प्रतिरूपांत कमी वस्तुमानाच्या कृष्णद्रव्य-प्रभामंडलांचे अक्ष तंतूला समांतर, तर सुमारे एक लाख कोटी सौर वस्तुमानापलीकडे लंब दिशेकडे झुकलेले आढळतात. तंतूच्या दिशेने येणाऱ्या लहान प्रभामंडलांशी होणारी मीलने हे या लंब झुकावाचे मुख्य कारण. स्लोन आकाश सर्वेक्षणात सर्पिल दीर्घिकांचे अक्ष समांतर, मसुराकार दीर्घिकांचे लंब असा कल दिसतो. तो क्षीण असून हजारो दीर्घिकांच्या सरासरीतच उमटतो. तरीही गुरुत्वीय भिंगाद्वारे होणाऱ्या कृष्णद्रव्याच्या अचूक मापनात दीर्घिकांची अशी मूळची संरेखने हिशोबात घेणे अनिवार्य ठरते (पहा : गुरुत्वीय भिंग).