उभ्याचे आडवे

जगात माणसांचे दोन प्रकार असतात: आडवा तक्ता मागणारे आणि उभा तक्ता मागणारे. आमच्या बँकेच्या हेड ऑफिसात हे दोन्ही प्रकार एकाच टेबलाभोवती बसत असावेत. सोमवारी फर्मान येते, महिने आडवे मांडा, कर्जाचे प्रकार उभे. गुरुवारी येते, प्रकार आडवे, महिने उभे. आकडे तेच. नुसती कूस बदलायची.

पूर्वीच्या कारकुनाने बिचाऱ्याने फूलस्केप कागद, पट्टी आणि लाल शाई घेऊन बारा महिने गुणिले अठरा प्रकार, म्हणजे २१६ चौकोन पुन्हा भरले असते. आता एक्सेलमध्ये तक्ता कॉपी करायचा, ‘पेस्ट स्पेशल’मध्ये जाऊन ‘ट्रान्सपोज’वर खूण करायची, की झाले! ओळींचे रकाने, रकान्यांच्या ओळी. उजवीकडच्या बेरजा खाली उतरतात, खालच्या उजवीकडे चढतात. कोपऱ्यातली एकूण बेरीज तेवढी घरातल्या आजोबांसारखी जागची हलत नाही.

संगणकावरचा हा तक्ता तसा तरुणच म्हणायचा. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ साली आले, ‘एक्सेल’ १९८५ साली. आमच्या नेवाशात मात्र उभ्या-आडव्याचा हा उद्योग त्याच्याही आधी झाला, आणि तोही कुदळ-फावड्याने.

नेवाशाला येणारा माणूस पैस खांबापुढे माथा टेकतो आणि एस.टी. पकडतो. खांब उभा आहे, म्हणून दिसतो. प्रवराकाठची लाडमोड टेकडी आडवी पसरलेली, तिच्याकडे कोण बघतो? बघितले ते डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी. १९५४ ते ५६ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केले.

जमीन हाही एक तक्ताच, वाचकहो. सरळ खाली खणले की मिळतो तो रकाना. वर मराठे-मुसलमानी काळ, त्याखाली रोमशी व्यापार चालायचा तो काळ, मग ताम्रपाषाण युग, तळाशी अश्मयुग. एकूण सहा कालखंड. मोबाइलवरच्या खातेउताऱ्यासारखे: ताजा व्यवहार सगळ्यात वर! म्हणूनच १९६० सालच्या अहवालाचे नावही उलटे, ‘फ्रॉम हिस्टरी टू प्री-हिस्टरी अ‍ॅट नेवासा’. आधी इतिहास, मग प्रागितिहास.

पण रकान्याने कळते ते एवढेच, की कोणामागून कोण आले. एका वेळी गाव कसे नांदत होते, हे कळायला एकच थर आडवा मोकळा करावा लागतो. म्हणजे ओळ वाचावी लागते. तसे केल्यावर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची घरे दिसू लागली. जमिनी, चुली, रांजण. आणि घरांच्या जमिनीखाली, मातीच्या कुंभांत पुरलेली लहान मुले. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती.

रकान्यात ही नोंद ‘ताम्रपाषाण युग’ एवढीच होते. ओळीत मात्र ते कुणाचे तरी मूल असते. दूर नेववले नाही म्हणून आईबापांनी घरातच ठेवलेले, असे आपले मला वाटते. शास्त्रज्ञ काय म्हणायचे ते म्हणोत.

तेव्हापासून मी कर्जवसुलीचा तक्ता दोन्ही बाजूंनी वाचतो. रकान्यात ऑगस्टची वसुली रोडावलेली दिसते आणि हेड ऑफिस खवळते. त्याच तक्त्यात एका शेतकऱ्याची ओळ आडवी वाचावी: जूनपासून शून्य, शून्य, शून्य, ऊस कारखान्याला गेला, बिल जमा झाले, की एकदम खाते भरलेले. त्याचे वर्ष त्या ओळीत आहे. नोटीस मात्र रकाना बघून निघते.

ट्रान्सपोज केल्याने एकही आकडा बदलत नाही, हे खरेच. फक्त प्रश्न बदलतो. ‘या महिन्यात किती आले?’ याऐवजी आपण विचारतो, ‘या माणसाचे वर्ष कसे गेले?’