मुरगाव बंदर

गोव्यातील एकमेव प्रमुख बंदर. झुआरी नदीच्या मुखाशी, दक्षिण काठावर, वास्को शहराला लागून. मुरगावचे भूशिर आणि लाटरोधक बांध यांच्या आडोशामुळे ते पावसाळ्यातही चालू राहते. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर येथे धक्के व मीटरगेज लोहमार्ग उभारण्यात आले आणि 1888 मध्ये कॅसलरॉकमार्गे बंदर ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेला जोडले गेले. भिस्त होती ती घाटावरच्या कापसावर, गोव्याच्या मालावर नव्हे. पण तो अपेक्षेइतका कधी उतरलाच नाही.

बंदराला खरे रूप दिले लोहखनिजाने. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली, सत्तरी, सांगे भागांतील खाणींचा माल मुख्यतः जपानला जाऊ लागला. गोव्यात पोलादाचे मोठे कारखाने नसल्याने जवळजवळ सगळे खनिज परदेशी जाई, आणि बंदरापर्यंत येई ते बहुतांशी नदीने: खाणीवरून ट्रकने काठावरच्या जेटीला, तिथून बार्जमध्ये. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख धोक्याचे होते. तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्याने झुआरीत उतरून मुरगाव गाठत. हलक्या प्रतीचे, भुकटीवजा खनिज परवडले ते या स्वस्त जलमार्गामुळेच. 1964 मध्ये प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला, 1979 मध्ये धक्का क्र. 9 वर खनिज भरण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. पुढे चीनची मागणी वाढली आणि 2010-11 मध्ये बंदराची मालवाहतूक सुमारे 5 कोटी टनांवर पोहोचली.

2012 मध्ये आधी राज्य शासनाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. 2013-14 मध्ये मालवाहतूक सव्वा कोटी टनांच्याही खाली आली. बार्ज नदीकाठी नांगरून पडल्या आणि खाणपट्ट्यातील ट्रकमालकांचे हप्ते थकले. खाणकाम मधल्या काळात पुन्हा सुरू झाले, पण 2018 मध्ये लीज-नूतनीकरण रद्द होऊन ते परत बंद पडले.

रिकामी झालेली जागा बरीचशी कोळशाने घेतली. बल्लारी परिसरातील पोलाद कारखान्यांसाठी तो इथे उतरतो आणि रेल्वेने घाट चढतो. म्हणजे बंदर पुन्हा घाटावरच्या उद्योगाचे झाले. धूळ मात्र वास्कोकरांच्या वाट्याला आली, आणि तिच्याविरुद्ध आंदोलनेही झाली. कंटेनर वाहतूक तुलनेने तोकडीच राहिली. वेर्णा वसाहतीतील औषध कारखाने बंदरापासून जेमतेम तासाभरावर आहेत, तरी त्यांचा बराच माल जहाजांच्या नियमित फेऱ्यांसाठी रस्त्याने न्हावा-शेव्याला जातो.