ग्रंथांचा पत्ता

ग्रंथ जमविणे सोपे असते. जमविलेला ग्रंथ हवा त्या वेळी हाती लागणे कठीण. ज्या संग्रहात ही अडचण सुटते त्यालाच ग्रंथालय म्हणावे. एरवी ती केवळ पुस्तकांची कोठी होय. ही अडचण सोडविण्यासाठी माणसाने काय काय केले, याची कथा सुरत आणि तिच्या आसमंतात चांगली पाहावयास मिळते.

गुजरातेतील जैन ज्ञानभांडारांत पोथी लाकडी फळ्यांमध्ये धरून कापडाच्या बासनात बांधीत आणि पेटीत ठेवीत. पेटीला एक क्रमांक, पोथीला दुसरा. वाळवी, दमट हवा आणि लुटारू यांपासून ग्रंथ वाचविणे हा या व्यवस्थेचा पहिला हेतू होता. कोणत्या पेटीत कोणता विषय, हे यादीला आणि त्याहूनही अधिक भांडार सांभाळणाऱ्याच्या स्मरणाला ठाऊक असे.

छापखाने आले आणि परिस्थिती पालटली. १८४४ साली सुरतेत दुर्गाराम मेहताजी यांच्या मानवधर्मसभेच्या कार्यात मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सहभागी होते. पुढे १८५०मध्ये त्याच शहरात अँड्र्यूज लायब्ररी स्थापन झाली. अशा सार्वजनिक वाचनालयांचा वाचक अनोळखी असतो आणि पुस्तकांची भर सतत पडत राहते. पुस्तकाला कपाटाचा व फळीचा क्रमांक दिला, तर फळी भरताच त्याच विषयाचे नवे पुस्तक दूर कोठेतरी ठेवावे लागते. कपाट हलविले की सगळे क्रमांक बदलावे लागतात.

यावर अमेरिकेतील मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६मध्ये प्रसिद्ध केलेला तोडगा साधा होता. क्रमांक फळीला न देता विषयाला द्यावयाचा. सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा पोटविभाग, आणि पुढे दशांशचिन्ह देऊन हवे तितके भाग. पुस्तक कोठेही हलवा, त्याचे शेजारी त्याच्याबरोबर हलतात.

हा विचार गुजरातेत आणला तो सयाजीराव गायकवाडांनी. सुरतेजवळची नवसारी तेव्हा त्यांच्याच राज्यात होती. १९०६मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सोडलेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर विसरावयास वेळ लागत नाही. म्हणून १९१०मध्ये त्यांनी अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलाविले. बॉर्डन यांनी अक्षरे आणि अंक यांची सांगड घालून बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण आखले, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग चालविले. फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांपर्यंत जाऊ लागल्या. बॉर्डन परतल्यावर हे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे नेले.

वर्गीकरणाचे कोष्टक मात्र आखणाऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहते. ड्यूई यांनी धर्माला २०० हा वर्ग दिला. त्यात २२० ते २८० हे सारे विभाग बायबल व ख्रिस्ती धर्म यांना, आणि जगातील उरलेल्या सर्व धर्मांना मिळून एक २९०. सुरतेच्या वाचकांसाठी कपाट लावावयाचे झाले, तर जैनांना २९४.४, हिंदूंना २९४.५, पारशांना २९५ आणि मुसलमानांना २९७ अशा अरुंद खणांत बसावे लागते. ड्यूई यांच्यासमोर अमेरिकेतील महाविद्यालयाचा ग्रंथसंग्रह होता, हे खरे. तथापि शेजाऱ्यांची अशी दाटी होत असेल, तर ज्याला ऐसपैस जागा मिळाली आहे त्या ख्रिस्ती माणसालाही ती न्याय्य वाटू नये. पुढे १९९६च्या आवृत्तीत हा पक्षपात कमी करण्याचा प्रयत्न झाला.

कोष्टकाच्या मूळ घडणीलाच पर्याय दिला तो मद्रासच्या शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४मध्ये लंडनला गेले असता एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू, पण जोडावे तशी निराळी वस्तू तयार होते. ग्रंथाचा विषयही असाच सुट्या घटकांतून जुळवावा, असे त्यांनी ठरविले. ‘गुजरातेतील उसावरील रोग’ या पुस्तकात पीक, त्याचा रोग, प्रदेश असे घटक आहेत; त्यांच्या खुणा जोडल्या की त्याचा क्रमांक तयार होतो. १९३३मध्ये प्रसिद्ध झालेली ही द्विबिंदू पद्धती, नव्या विषयासाठी आधीपासून रिकामा खण राखून ठेवीत नाही. तो विषय आला की त्याची जागा घडविते.

आज संगणक क्षणात पुस्तक शोधून देतो. परंतु एका पुस्तकाशेजारी दुसरे अवचित भेटण्याचा लाभ नीट लावलेल्या फळीवरच होतो. ड्यूईंच्या कोष्टकात मराठी साहित्य ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७ आहे. दादोबा आणि मेहताजी सुरतेत जसे शेजारी होते, तशाच या दोन भाषा फळीवरही शेजारी आहेत. मराठी पुस्तक घेण्यास गेलेला हात थोडा पुढे सरकला, तर तो रिकामा परत येणार नाही.