सरासरीत हरवणारा वारा

१९७६ साली भारतीय हवामान विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्यावर अण्णा मणी बेंगळुरूला परतल्या. १९४० मध्ये याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेतील सर चं. वें. रामन यांच्या प्रयोगशाळेत, हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांचे संशोधन सुरू झाले होते. १९४८ पासूनची वर्षे मात्र हवामान विभागात, मोजमापाची उपकरणे देशातच घडवण्यात आणि त्यांचे प्रमाणीकरण करण्यात गेली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, ही त्यांची धारणा होती. रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर त्यांनी सौरऊर्जा आणि पवनऊर्जा हे विषय हाती घेतले. १९७३ च्या तेलसंकटाची आठवण तेव्हा ताजी होती.

देशात वाऱ्याच्या नोंदी नव्हत्या, असे नाही. परंतु वेधशाळांची मांडणी हवामानाचा अंदाज वर्तवण्यासाठी झालेली होती. अंदाजासाठी सरासरी वेग पुरेसा असतो. ऊर्जेसाठी तो पुरत नाही. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, आणि सरासरीचा घन म्हणजे घनांची सरासरी नव्हे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका ठिकाणी तासभर सेकंदाला ६ मीटर वेगाने एकसारखा वारा वाहिला. दुसऱ्या ठिकाणी अर्धा तास ३ आणि उरलेला अर्धा तास ९ मीटर वेगाने वाहिला. दोन्हीकडे सरासरी ६ च. पहिल्या ठिकाणी घन २१६ येतो; दुसऱ्या ठिकाणी २७ आणि ७२९ यांची सरासरी ३७८. म्हणजे सरासरी वेग समान असूनही दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्यात पावणेदोन पट ऊर्जा आहे. वर्षाची एकच सरासरी काढली, तर कोकणकिनाऱ्यावरील पावसाळी वारे असेच इतर महिन्यांच्या मंद वाऱ्यांत मिसळून दिसेनासे होतात. पवनचक्की कुठे उभारावी, हा खर्चिक निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून होता.

१९८३ मध्ये मणी आणि डी. ए. मूळे यांचा भारतातील पवनऊर्जेच्या आकडेवारीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पवनचक्क्यांचे पहिले प्रकल्प उभे राहिले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या बेंगळुरू येथील केंद्रातून मणींच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सर्वेक्षण झाले आणि १९९० पासून त्याचे खंड प्रकाशित होऊ लागले.

नोंदणीचे साधनही या काळात बदलत होते. जुन्या वायुवेगलेखकाची लेखणी कागदी तक्त्यावर अखंड रेषा उमटवी. वर्षांनंतरही तो तक्ता काढून नव्याने वाचता येई. इलेक्ट्रॉनिक डेटा लॉगरची स्मृती तुटपुंजी होती. तो ठरावीक कालखंडातील वाचने घेई, त्यांचे सार काढी आणि मूळ वाचने पुसून टाकी. साराबाहेर जे राहिले, ते कायमचे गेले.

म्हणूनच कालखंड केवढा असावा आणि सारात काय असावे, हे मोजमापापूर्वीच ठरवावे लागते. १९५७ मध्ये आयझॅक व्हॅन डर होव्हन यांनी अमेरिकेतील ब्रुकहेवनच्या नोंदींवरून दाखवले, की वाऱ्याचे चढउतार मुख्यतः दोन गटांत मोडतात : हवामान-प्रणालींमुळे होणारे काही दिवसांचे आणि खळबळीमुळे होणारे मिनिटभराचे. दोहोंच्या मधला पट्टा बराचसा शांत असतो. पवनऊर्जेतील १० मिनिटांचा प्रचलित कालखंड याच पट्ट्यात बसतो. त्याची सरासरी वाहता वारा सांगते, तर प्रमाण विचलन पात्यांना हादरे देणारी खळबळ.

प्रमाण विचलनाच्या गणनेतही एक खोच आहे. वाचनांच्या वर्गांची बेरीज करून शेवटी सरासरीचा भाग वजा करणे सोपे; पण दोन जवळजवळ समान मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत लहान यंत्राची अचूकता वाहून जाते. बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या रीतीत प्रत्येक नव्या वाचनासरशी सरासरी आणि विचलन दुरुस्त होत जातात. मागची वाचने साठवावी लागत नाहीत.

कालखंड जोडतानाही सावधगिरी हवी. वरच्या उदाहरणातील दोन्ही अर्ध्या तासांचे प्रमाण विचलन शून्य आहे, संपूर्ण तासाचे मात्र ३. विचलनांची नुसती सरासरी काढणारा शून्यच लिहील. दिशेचेही तसेच : ३५० आणि १० अंशांची अंकगणिती सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा ठरतो. तिथे दिशांचे सदिश घटक जोडावे लागतात.

अण्णा मणी यांचे २००१ मध्ये निधन झाले. आज स्मृती स्वस्त आहे, तरीही दूरच्या टेकडीवरचा लॉगर बहुधा दर १० मिनिटांना सरासरी, प्रमाण विचलन, कमाल आणि किमान एवढेच पाठवतो. ते चार आकडे कसे काढले, याची नोंद सोबत नसेल, तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला त्यावरून वारा पुन्हा उभा करता येणार नाही.