प्लॉटमधली खोट सांगायची कोणी?

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा बाळापूरचा किल्ला आणि नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. बाळापूरहून अकोल्याकडे किंवा खामगावकडे जाणाऱ्या महामार्गावरचे फलक मात्र कोणी इतिहास म्हणून वाचत नाही. ‘एन.ए. प्लॉट, रस्ते, नाल्या, वीज, हप्त्यांची सोय’ असे फलक वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर दिसतात. त्यांच्यामागे एक जुना वाद आहे. जमिनीत खोट असेल तर ती विकणाऱ्याने सांगायची, की घेणाऱ्याने शोधायची?

एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने १७५७ मध्ये बाळापूरचा किल्ला पूर्ण केला, तेव्हा वऱ्हाडात दोअंमल होता. निजाम आणि नागपूरकर भोसले, दोघेही महसुलावर हक्क सांगत. त्या काळच्या मराठी मुलखात शेताच्या तुकड्याहून मोलाचे विक्रीयोग्य धन म्हणजे वतन. पाटीलकीचा अर्धा हिस्सा विकला जाई तेव्हा विक्रीपत्रात जमिनीबरोबर मानपानाचीही यादी येई. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पोळी कोणाची, पहिला टिळा कोणाला, हे सारे लिहिले जाई. विकण्याचे कारणही बहुधा नमूद असे. दुष्काळ पडला, सरकारदेणे थकले, पोट भरेना.

या कागदांतील सर्वांत महत्त्वाचे कलम शेवटाकडे येते. उद्या विकणाऱ्याचा भाऊबंद किंवा अन्य कोणी हक्क सांगत आला, तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करायचे. म्हणजे हक्कातील खोटीचा भार विकणाऱ्यावर होता. शिवाय व्यवहार गोतासमोर होई. कुणब्याची नांगराची, वाण्याची तराजूची अशा निशाण्या साक्षीदार कागदावर करीत. भावाचा हिस्सा लपवून विकणे गावात फार अवघड होते, कारण तो भाऊ बहुधा साक्षीलाच बसलेला असे. याला रामराज्य समजण्याचे कारण नाही. गोतात वतनदारांचा शब्द चाले आणि ज्याला वतन नाही त्याला तेथे फारसे स्थान नसे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पाहणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, पाठोपाठ रेल्वे आली आणि खातेदाराचे शेत ही बाजारात खरेदी-विक्री होणारी वस्तू बनली. आता घेणारा परगावचा असू शकत होता. त्याला गावातील भाऊबंदकी ठाऊक नसे. कायद्याने तर वऱ्हाड अजून निजामाचाच मुलूख होता. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, अधिसूचना काढून ते आणावे लागत.

या कायद्यांतील दोन कलमे ध्यानात ठेवावीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने विकणाऱ्यावर दोष सांगण्याचे बंधन घातले, पण ते फक्त घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडू शकले नसते अशा दोषांपुरते. १८७२ च्या करार कायद्याचे १९ वे कलम आणखी पुढे जाते. चुकीच्या कथनाने किंवा लबाडीच्या मौनाने संमती मिळवली असली, तरी साधारण दक्षतेने सत्य शोधण्याचे साधन घेणाऱ्याजवळ असेल, तर त्याला तेवढ्यावरून करार रद्द करता येत नाही. ‘घेणाऱ्याने सावध राहावे’ हे इंग्रजी न्यायाचे जुने सूत्र अशा रीतीने येथे रुजले. भार फिरला तो येथे.

दस्तनोंदणीने हा भार हलका झाला असे अनेकांना वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून रॉबर्ट टॉरेन्सच्या पद्धतीने सरकार मालकीचीच हमी देऊ लागले. आपल्याकडे नोंदतात तो दस्त, मालकी नव्हे. दुय्यम निबंधकाचा शिक्का विकणाऱ्याचा हक्क सिद्ध करीत नाही.

उलट दिशेचे पहिले मोठे पाऊल महाराष्ट्राने १९६३ मध्ये टाकले. मालकीच्या सदनिकांविषयीच्या त्या वर्षीच्या कायद्याने बिल्डरला आपला हक्क आणि जमिनीवरील बोजे पूर्णपणे, खरेपणाने उघड करण्यास भाग पाडले. पण तो सदनिकांचा कायदा होता. प्लॉट त्यात नव्हता, आणि बाळापूरसारख्या गावी घराची सुरुवात होते ती प्लॉटपासूनच.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही प्रथम घरबांधणीचा शब्दशः उल्लेख नव्हता. तो १९९३ च्या दुरुस्तीने आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरबांधणी ही मुळातच सेवा आहे, आणि सरकारी प्राधिकरणही त्यातून सुटत नाही. २०१२ च्या नार्ने कन्स्ट्रक्शन निकालाने रस्ते, सोयी आणि ले-आऊटच्या मंजुरीचे आश्वासन देऊन विकलेले प्लॉटही सेवेत आणले. मात्र पुढच्याच वर्षी गणेशलाल विरुद्ध श्याम या खटल्यात न्यायालयाने रेघ ओढली. निव्वळ प्लॉटची विक्री म्हणजे सेवा नव्हे. तिची तक्रार ग्राहक मंचात चालणार नाही.

रेघ तर्काला धरून आहे, पण वऱ्हाडात तिचा परिणाम विचित्र होतो. शेतमालक दलालामार्फत, कसलेही आश्वासन न देता दोन गुंठे विकतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे इतका लहान तुकडा स्वतंत्रपणे नोंदवणे कित्येक वर्षे अडचणीचे होते. म्हणून चार-सहा अनोळखी खरेदीदारांचे एकच सामाईक खरेदीखत करण्याची वाट निघाली. प्रत्येकाला वाटते आपला प्लॉट आपल्या नावावर झाला. सातबाऱ्यावर असतो तो सामाईक हिस्सा. २०१६ चा रेरा कायदा प्लॉटलाही लागू आहे, आणि त्याचे १२ वे कलम खोट्या जाहिरातीवर विसंबलेल्याला भरपाई देते. पण नोंदणीची सक्ती नियोजन क्षेत्रातील प्रकल्पांना आहे, आणि पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन त्यातूनही वगळली आहे.

म्हणून महामार्गावरच्या त्या फलकाला कायद्यात मोल आहे. त्यावर ‘रस्ते, नाल्या, वीज’ लिहिलेले असेल आणि खरेदीदाराने त्याचे छायाचित्र किंवा छापील पत्रक जपले असेल, तर व्यवहार निव्वळ विक्रीचा नव्हता असे त्याला अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे मांडता येते. ज्याला सारे तोंडीच सांगितले गेले, त्याची वाट बहुधा दिवाणी न्यायालयाकडे जाते. तेथे त्याला पहिला प्रश्न १८७२ च्या कायद्यातलाच विचारला जातो: खरेदीपूर्वी पटवाऱ्याकडे जाऊन सातबारा पाहिला होता काय?